एमएस असताना हार्मोन थेरपी: आधी काय, नंतर काय, आणि चुका कुठे होतात

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मज्जातंतूंवरचे आवरण झिजवणारा आजार) असलेल्या बायकांमध्ये पंचेचाळिशीच्या आसपास एक प्रश्न हमखास निघतो: "हार्मोन घेतले तर एमएसला फायदा होतो म्हणतात, मी सुरू करू का?" विचारण्यात काही गैर नाही, पण उत्तर मिळायच्या आधीच घाई होते. कोणी डीएमटी, म्हणजे आजाराला आवर घालणारे मुख्य औषध, सोडून इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनच्या गोळ्या धरते. कोणी दोन्ही एकाच आठवड्यात बदलते, आणि मग कशामुळे काय झाले ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कोणी उलट टोकाला जाते आणि "मला एमएस आहे, मला हार्मोन चालायचेच नाहीत" असे स्वतःच ठरवून पाच-सहा वर्षे रात्री घामाने निथळत काढते.

डॉक्टरांकडे जाताना हातात काय असावे आणि परत आल्यावर काय पाहावे, यासाठी हा लेख आहे. औषध आणि त्याचा डोस डॉक्टरच ठरवतील. पायऱ्यांचा क्रम मात्र पाळा. गाळलेली पायरी तीन महिन्यांनी व्याजासकट परत येते.

पायरी १: "कशासाठी?" याचे उत्तर एका ओळीत लिहा

कागद घ्या आणि हार्मोन कशासाठी हवेत ते एका वाक्यात लिहा. बहुतेकांचे वाक्य पुढच्या दोनपैकी एका प्रकारात बसते.

पहिला प्रकार: "रिलॅप्स (आजाराचे नवे झटके) कमी व्हावेत, आजार मंदावावा." ही आशा हवेतून आलेली नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात अडीचशेहून अधिक स्त्रियांच्या गरोदरपणाचा मागोवा घेतला होता. गरोदरपणाआधी दर स्त्रीमागे वर्षाला ०.७ रिलॅप्स होते. शेवटच्या तीन महिन्यांत ते ०.२ वर आले आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत १.२ पर्यंत उसळले. गरोदरपणात वारेतून मोठ्या प्रमाणात तयार होणाऱ्या एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनवर त्यामुळे संशोधकांचे लक्ष गेले.

२०१६ साली अमेरिकेतल्या १६४ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सगळ्यांना ग्लॅटिरॅमर हे नेहमीचे एमएसचे इंजेक्शन चालू होते. त्यावर निम्म्यांना रोज ८ मिलिग्रॅम एस्ट्रिऑल दिले, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. दोन वर्षांत रिलॅप्सचा वार्षिक दर पहिल्या गटात ०.२५, दुसऱ्यात ०.३७ राहिला. आकडा आशादायक आहे. पण संशोधकांनी निकष आधीच थोडा सैल ठरवला होता. वैद्यकीय संशोधनात नेहमी लावतात तो निकष लावला तर हा फरक योगायोगाचाही असू शकतो. शिवाय ऐकीव माहितीत एक गोष्ट नेमकी गळते: एस्ट्रिऑल हे ग्लॅटिरॅमरच्या जोडीला दिले होते, त्याच्या जागी नव्हे. बाळंतपणानंतरची उसळी रोखण्यासाठी प्रोजेस्टिनच्या (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणाऱ्या औषधाच्या) गोळ्या आणि इस्ट्रोजेनचा पॅच (त्वचेला चिकटवायची पट्टी) देऊनही एक चाचणी झाली. तिच्यातून फायदा सिद्ध झाला नाही.

आजमितीस एकही लैंगिक हार्मोन एमएसची डीएमटी म्हणून मान्यताप्राप्त नाही. तुमचे वाक्य पहिल्या प्रकारातले असेल तर ते घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. संभाषण मात्र "माझी सध्याची डीएमटी पुरेशी आहे का?" या प्रश्नाने सुरू करा.

दुसरा प्रकार: "पाळी जाण्याच्या काळातला त्रास कमी व्हावा." म्हणजे अंगातून उठणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, मोडलेली झोप, योनीचा कोरडेपणा, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग. इथे हार्मोन थेरपीचे काम पक्के आहे. वाफांवर तिच्याइतके परिणामकारक दुसरे औषध नाही आणि हाडांनाही ती आधार देते. एमएसमध्ये हाडे आधीच कमकुवत व्हायला वाव असतो: स्टिरॉइडचे कोर्स, कमी हालचाल, पडण्याची भीती. नुसता एमएस असणे हे ही थेरपी नाकारायचे कारण ठरत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. आज हार्मोन थेरपी घ्यायची तर दुसऱ्या कारणासाठी घ्यावी. पहिल्यात काही फायदा झालाच तर तो वरकमाई समजावा.

> गल्लत टाळा. रिलॅप्सच्या वेळी तीन ते पाच दिवस शिरेतून देतात ते मिथाइलप्रेडनिसोलोन म्हणजे ही हार्मोन थेरपी नव्हे. दोन्हींना लोक "हार्मोन" म्हणतात, कागदावर कधीकधी "स्टिरॉइड" एवढेच लिहिलेले असते आणि मग "हार्मोनने माझी साखर वाढली होती" अशा गोष्टी चुकीच्या खात्यावर पडतात. जुनी फाइल काढून औषधाचे पूर्ण नाव बघा.

पायरी २: सहा ते आठ आठवडे वही ठेवा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि सगळ्यात जास्त उपयोगी हीच पडते. थकवा, विसरभोळेपणा, झोप न लागणे, लघवीची घाई, चिडचिड ही यादी एमएसची म्हणून वाचा किंवा मेनोपॉजची म्हणून, दोन्हीकडे तंतोतंत बसते. वही नसेल तर कोणता डॉक्टर काय ऐकतो ते त्याच्या खुर्चीवर अवलंबून राहते.

नोंद लांबलचक नको. अशी असली तरी पुरे:

*मंगळवार. पाळीचा २४ वा दिवस. दुपारी अडीचला वाफ आली, चारेक मिनिटे. लगेच उजव्या डोळ्यापुढे धुकट. पंख्याखाली बसले, गार पाणी प्याले, वीस मिनिटांत साफ. रात्री तीनदा उठले: दोनदा लघवीला, एकदा घामाने. सकाळी पाय जड.*

या चार-पाच ओळींत न्यूरॉलॉजिस्टला हवे ते सगळे आहे. शरीराचे तापमान थोडेसे जरी वाढले तरी आवरण झिजलेल्या मज्जातंतूंतून संदेश नीट जात नाही आणि जुनी लक्षणे तात्पुरती डोके वर काढतात. याला उथॉफ परिणाम म्हणतात. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर जे होते तेच वाफेनंतर होऊ शकते. डोळ्यापुढचे धुके वीस मिनिटांत गेले, म्हणजे तो रिलॅप्स नव्हता. रिलॅप्स म्हणायला नवे किंवा वाढलेले लक्षण किमान २४ तास टिकावे लागते, आणि ताप किंवा संसर्ग हे त्यामागचे कारण नसावे लागते.

पाळीचा दिवस लिहायचा तो एवढ्यासाठी की, बीजोत्सर्गानंतर पाळी येईपर्यंत शरीराचे तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढलेले असते. काहींना एमएस दर महिन्याला त्याच आठवड्यात "वाढल्यासारखा" का वाटतो, ते वहीत लगेच दिसते.

> तपासा. आठ आठवड्यांनंतर वहीतली पाने मोजा: किती दिवस वाफेशी जोडलेला त्रास, किती दिवस वाफेशिवायचा. पहिला आकडा मोठा असेल तर हार्मोनकडून अपेक्षा ठेवायला जागा आहे. दुसरा मोठा असेल तर हार्मोन सुरू करूनही तुमची निराशा होण्याचा संभव जास्त.

पायरी ३: तिसरा चोर शोधा

मेनोपॉज आणि एमएस यांच्या भांडणात तिसराच कोणीतरी घर लुटत असतो. हार्मोनचा निर्णय घेण्याआधी ही नावे वगळून घ्या.

थायरॉइड सर्वांत आधी. अलेम्टुझुमॅब घेतलेल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना पुढे थायरॉइडचा आजार होतो, आणि इंटरफेरॉनवरही थायरॉइड बिघडू शकते. घाम, धडधड, झोप न लागणे ही लक्षणे वाढलेल्या थायरॉइडचीही आहेत. लघवीचा संसर्ग दुसरा. मूत्राशयाची संवेदना कमी असेल तर जळजळ जाणवतच नाही. फक्त पाय जड होतात आणि डोके चालेनासे होते. त्याशिवाय हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व.

एफएसएच (बीजकोशांना चालना देणारे हार्मोन) तपासायची घाई करू नका. पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित झाली असेल आणि वाफा येत असतील, तर मेनोपॉजचा काळ सुरू झाला हे लक्षणांवरूनच ठरवतात. त्या काळात एफएसएच दर आठवड्याला वर-खाली होते. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर मात्र ही तपासणी काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते, कारण तिथे निदानही वेगळे आणि उपचाराची निकडही वेगळी.

> थांबा, बायोटिन घेता का? एमएससाठी रोज ३०० मिलिग्रॅमसारख्या प्रचंड डोसने बायोटिन घेण्याची एक लाट येऊन गेली. मोठ्या चाचणीत ते उपयोगी ठरले नाही. केस-नखांच्या गोळ्यांमध्येही बायोटिन असते. अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटे कमी आणि इस्ट्रॅडिऑल, टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त दिसू शकतात. रक्त देण्याआधी प्रयोगशाळेला सांगा आणि किती दिवस बंद ठेवायचे ते विचारा. मोठ्या डोसला दोन दिवस पुरत नाहीत.

पायरी ४: आपल्या धोक्यांची यादी आपणच करा

पुढचे काही तुमच्या इतिहासात असेल तर ते यादीच्या पहिल्या ओळीत लिहा: स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, पायात किंवा फुफ्फुसात झालेली रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, चालू यकृतविकार, कारण न कळलेला योनीमार्गातला रक्तस्राव. यातल्या बहुतेक गोष्टींत अंगभर परिणाम करणारे इस्ट्रोजेन टाळतात किंवा तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय देत नाहीत.

रक्तदाब, धूम्रपान, वजन, घरातला गुठळ्यांचा इतिहास हे त्याखाली. आणि एमएसवाल्यांनी एक ओळ वाढवायची, ती कोणी विचारत नाही म्हणून: दिवसातले किती तास बसून किंवा पडून जातात? हालचाल कमी असेल तर पायात गुठळी व्हायचा धोका आधीच वाढलेला असतो. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन त्यात भर घालते. दीर्घकाळ अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सहसा देत नाहीत, त्याचे कारण हेच. चालणारी, घरकाम करणारी एमएसची रुग्ण या गटात येत नाही. तेव्हा "एमएस" एवढेच न लिहिता "काठीशिवाय चालते" किंवा "दिवसभर व्हीलचेअरवर" असे लिहा.

वयाचा मुद्दा असा: साठीच्या आत किंवा शेवटच्या पाळीपासून दहा वर्षांच्या आत सुरू केले तर फायद्याचे पारडे सहसा जड असते. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीच्या बातम्यांनी जगभर हार्मोनची धास्ती बसली. त्या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि त्यांना गोळीच्या रूपातले इस्ट्रोजेन, सोबत एक जुने प्रोजेस्टिन दिले होते. पन्नाशीच्या बाईने पॅच लावावा की नाही, याचे थेट उत्तर त्या बातम्यांत नाही.

पायरी ५: चालू औषधे एका कागदावर आणा

न्यूरॉलॉजिस्टने दिलेली औषधे स्त्रीरोगतज्ज्ञाला ठाऊक नसतात आणि उलटही तेच. दोन्ही फाइलींतली औषधे एका कागदावर उतरवा. पुढच्या नावांवर खूण करा.

कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन: चेहऱ्याच्या असह्य कळांसाठी किंवा फिट्ससाठी दिलेली असतात. ही यकृताला हार्मोन झपाट्याने मोडायला लावतात, त्यामुळे गोळी घेऊनही ती लागू पडत नाही. टोपिरामेट मोठ्या डोसमध्ये तेच करते. थकव्यासाठी घेतलेले मोडाफिनिल गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी करते. लॅमोट्रिजिनचे उलट आहे: इस्ट्रोजेनमुळे त्याचीच रक्तातली पातळी घसरू शकते. टेरिफ्लुनोमाइड गर्भनिरोधक गोळीतल्या हार्मोनची पातळी वाढवते, म्हणून कोणती गोळी द्यायची याचा विचार करावा लागतो.

> सर्रास होणारी चूक. मेनोपॉजसाठीची हार्मोन थेरपी गर्भनिरोधक नसते. पाळी अनियमित झाली तरी गर्भ राहू शकतो, आणि टेरिफ्लुनोमाइड किंवा फिंगोलिमॉड चालू असताना तो राहणे गंभीर आहे. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षे, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

पायरी ६: आधी न्यूरॉलॉजिस्ट, मग स्त्रीरोगतज्ज्ञ

क्रम उलटा केला तर काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, "एमएस आहे ना, आधी त्यांना विचारून या." न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, "हे माझे क्षेत्र नाही." बाई दोन दारांमध्ये चेंडूसारखी टोलवली जाते आणि सहा महिन्यांनी ऑनलाइन मागवलेली कुठलीशी क्रीम लावून बसते.

न्यूरॉलॉजिस्टना तीनच गोष्टी विचारा आणि उत्तरे दोन ओळींत लिहून मागा:

१. माझा एमएस सध्या स्थिर आहे का, आणि शेवटचा एमआरआय तुलनेला पुरेसा ताजा आहे का?
२. येत्या सहा महिन्यांत डीएमटी बदलायचा विचार आहे का?
३. हालचालीमुळे किंवा औषधांमुळे हार्मोनला तुमची काही हरकत आहे का?

ती चिठ्ठी, वही आणि औषधांचा कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. रक्तदाब, स्तनतपासणी, गर्भाशयमुखाची नियमित तपासणी आणि गरज असेल तर हाडांची घनता हे तिथे होईल.

पायरी ७: कोणता प्रकार तुमच्या हाताला झेपेल?

बाकीची माहितीपत्रके पॅच, जेल आणि गोळी यांची तुलना गुठळीच्या धोक्यावर संपवतात. तो मुद्दा महत्त्वाचा आहेच: त्वचेतून जाणारे इस्ट्रोजेन थेट यकृतातून जात नाही, म्हणून त्याने गुठळीचा धोका गोळीइतका वाढत नाही. हालचाल कमी असेल तर पॅच किंवा जेलच आधी विचारात घ्यावे. पण एमएसमध्ये हाताचाही विचार लागतो.

पॅचच्या मागची पातळ फिल्म सोलायची म्हणजे दोन बोटांच्या टोकांत नीट संवेदना हवी. बोटे बधिर असतील तर पॅच स्वतःलाच चिकटून गुंडाळला जातो आणि वाया जातो. अशांना पंपाचे जेल बरे: एक दाब म्हणजे एक माप. मात्र ते पूर्ण वाळेपर्यंत कपडे घालायचे नाहीत, हात धुवायचे आणि लावलेली जागा लहान मुलांच्या अंगाला लागू द्यायची नाही. पॅच कमरेखाली, दर वेळी वेगळ्या जागी. स्तनांवर कधीच नाही. त्यावर शेकायची पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध जास्त शोषले जाते.

> एमआरआयला जाताना पॅच लावला आहे हे तंत्रज्ञाला सांगा. काही पॅचच्या पाठीच्या थरात धातू असतो आणि यंत्रात तिथली त्वचा भाजू शकते.

गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेन एकटे घ्यायचे नाही. अस्तर वाढत जाऊन पुढे कर्करोगाचा धोका निर्माण होतो. ते आवरायला प्रोजेस्टेरॉन लागतेच. पॅच नियमित आणि प्रोजेस्टेरॉन मात्र "झोप येते म्हणून" मधूनमधून, ही चूक फार दिसते. सूक्ष्म कणांचे प्रोजेस्टेरॉन रात्री झोपताना देतात कारण त्याने गुंगी येते. झोप मोडलेल्या बाईला ती गुंगी वरदान वाटते. पण रात्री दोनदा लघवीला उठणाऱ्या, तोल जाणाऱ्या बाईसाठी हीच गुंगी पडण्याचे कारण होऊ शकते. औषध सुरू करण्याच्या दिवशीच पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी करा, रात्रीचा दिवा लावा.

त्रास फक्त कोरडेपणाचा आणि वारंवार होणाऱ्या लघवीच्या संसर्गाचा असेल तर अंगभर हार्मोन कशाला? योनीत वापरायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन रक्तात फारच थोडे उतरते आणि त्याच्यासोबत सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही. मांड्या आखडत असतील तर क्रीमची नळी वापरणे जिकिरीचे होते. तीन महिने आत राहणारी रिंग मिळत असेल तर ती बसवून घेता येते. आणि एक खुलासा: एस्ट्रिऑलची ही क्रीम म्हणजे चाचणीतले एमएसवरचे एस्ट्रिऑल नव्हे. क्रीमच्या एका डोसमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम असते, चाचणीत रोज आठ मिलिग्रॅम पोटातून दिले होते.

पायरी ८: एका वेळी एकच बदल

सुरुवातीचा दिवस निवडताना हे टाळा: स्टिरॉइडचा कोर्स चालू असणे, डीएमटी नुकतीच बदललेली असणे, संसर्ग अंगात असणे, दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा लांबचा प्रवास असणे. कमी डोसने सुरू करा. नवे व्हिटॅमिन, नवा व्यायाम, नवा आहार हे सगळे तीन महिने थांबू शकते.

वही चालू ठेवा. वाफा काही आठवड्यांत कमी होऊ लागतात, पूर्ण परिणाम कळायला तीन महिने द्या. पहिल्या काही महिन्यांत अधूनमधून डाग पडणे, स्तन दुखणे, पोट फुगल्यासारखे वाटणे हे होते. सहा महिन्यांनंतरही रक्तस्राव चालू राहिला, किंवा पूर्ण थांबून पुन्हा सुरू झाला, तर सोनोग्राफी करून घ्यायला हवी.

पायरी ९: "एमएसच असेल" म्हणायच्या आधी

हा भाग फ्रिजवर लावावा असा आहे.

एमएससोबत वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला एक सवय लागते: हात बधिर झाला, शब्द अडखळला, तोल गेला की "एमएसच" म्हणून पडून राहायचे, उद्या बघू. हार्मोन घेत असताना ही सवय घातक आहे. रिलॅप्स तासातासाने, दिवसादिवसाने चढतो. पक्षाघात काही सेकंदांत किंवा मिनिटांत येतो. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात अचानक खाली पडणे, बोलता बोलता शब्द तुटणे, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी: थेट आपत्कालीन विभागात जा आणि "मी हार्मोन घेते" हे पहिल्या वाक्यात सांगा. एमएस असल्याचे दुसऱ्या वाक्यात. उलट सांगितले तर समोरचाही "एमएसच असेल" म्हणून थांबण्याची शक्यता वाढते.

पायातली गुठळी याहून फसवी. ती दुखते म्हणून कळते, पण ज्या पायाला संवेदनाच कमी आहे तो दुखणार कसा? म्हणून आठवड्यातून एकदा दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर टेपने मोजा. बसून बसून सूज येते ती बहुधा दोन्ही पायांना सारखी असते. एकच पाय सुजला, गरम लागला, लाल दिसला तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर तासभरही थांबू नका.

पायरी १०: तीन महिन्यांनी हिशेब, मग दरवर्षी

पहिल्या पायरीला लिहिलेले ते एका ओळीचे वाक्य आता बाहेर काढा. वाफा कमी झाल्या का? रात्री उठणे कमी झाले का? वाफेनंतरचे धुके किती वेळा आले? "एकूण बरे वाटते" हे उत्तर पुरेसे नाही, वहीतले आकडे सांगा. वाफा गेल्या पण थकवा तसाच राहिला, तर तो बहुधा एमएसचा आहे आणि हार्मोनचा डोस वाढवून तो जाणार नाही. डोस वाढवत राहणे ही या टप्प्यावरची नेहमीची चूक.

हार्मोन चालत नसतील किंवा नकोच असतील, तरी वाफांवर इतर मार्ग आहेत. गॅबापेंटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन दोन्ही वाफा कमी करतात, आणि एमएसच्या कळांसाठी गॅबापेंटिन आधीच चालू असेल तर रात्रीच्या डोसची वेळ बदलूनही फरक पडतो का, ते विचारता येते. मूत्राशयासाठीचे ऑक्सिब्युटिनिन वाफांवरही काम करते, पण स्मरणशक्तीवर त्याचा भार पडतो. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फेझोलिनेटंट हार्मोनरहित आहे. त्याला यकृताच्या तपासण्या लागतात, आणि तुमची डीएमटी यकृतावर ताण देणारी असेल तर हे दोन्ही डॉक्टरांना कळायला हवे.

पुरुषांसाठी स्वतंत्र

टेस्टोस्टेरॉनबद्दल बोलताना २००७ च्या ज्या अभ्यासाचा दाखला देतात त्यात फक्त दहा पुरुष होते. त्यांना वर्षभर जेल दिले होते. निष्कर्ष कुतूहल वाढवणारे होते, उपचार ठरवायला मात्र दहा माणसे पुरत नाहीत. लक्षणे असतील तर सकाळच्या वेळेला, वेगवेगळ्या दिवशी दोनदा पातळी तपासा. दोन्ही वेळा खरोखर कमी आली तरच पुढे जा. मूल हवे असेल तर हे आधी सांगा, कारण बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतूंची निर्मिती दबते. सुरू केल्यावर रक्त घट्ट होत नाही ना, यासाठी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण), आणि वयानुसार पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) तपासत राहावे लागते. जेलचा स्पर्श बायकामुलांना होऊ द्यायचा नाही.

बंद करताना

ठरावीक वर्षांनी बंद केलेच पाहिजे असा एकच नियम सगळ्यांना लागू नाही. दरवर्षी फायदा-तोटा मांडून ठरवतात. बंद करायचे ठरले तर डोस हळूहळू उतरवत नेता येतो. वाफा काही काळ परत येऊ शकतात आणि त्यांच्यासोबत ते डोळ्यापुढचे धुकेही, म्हणून कडक उन्हाळ्यात बंद करू नका. पंचावन्नच्या पुढे, अनेक वर्षे रिलॅप्स नसताना, डीएमटी थांबवण्याची चर्चाही याच सुमारास निघते. दोन्ही एकाच हंगामात उरकू नका. एक थांबवल्यावर निदान सहा महिने जाऊ द्या, नवा एमआरआय करा आणि त्या सहा महिन्यांची वही घेऊनच दुसऱ्याचे बोला.